दात पायजेत का रान

कोल्हापूर,
८ जानेवारी २०२४

धैर्यशील,

आशीर्वाद आईच्या वर्षश्राद्धाला दिले होते. ते अजून संपले नसतील असं धरून पुढचं लिहिते.

फोन करत नाही, कारण तू उचलत नाहीस आणि उचललास तरी मला बोलता येत नाही. खालच्या उजव्या दाढेखाली गळू झालं आहे. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. परवा दूधवाल्याला अर्धा लिटर सांगितलं, तर त्यानं दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा हसला. बत्तीस वर्षं टायपिंगच्या क्लासमध्ये आवाज न चढवता पोरांना गप्प बसवलं. आता दूधवाला हसतो. म्हणून पत्र. पत्रात सूज दिसत नाही.

काम सांगते. माझा निराधारचा पगार नोव्हेंबरपासून बंद आहे. महिना पंधराशे रुपये. तुझ्या गाडीला तेवढ्यात कोडोली ते पुणं एकदा जाता येत असेल, परत येता येणार नाही. मी त्यात महिना काढत होते. क्लास बंद पडल्यापासून दुसरं काही नाही. काठीचा भार घेऊन घेऊन उजवा खांदा गेला आहे, त्यामुळे घरी बसून टायपिंगची कामंही होत नाहीत.

पगार बंद पडला तो उत्पन्नाच्या दाखल्यावर. माझं रेशनकार्ड अजून कोडोलीचं, म्हणून दाखला तिथल्या तलाठ्याकडून घ्यावा लागतो. आधीचे तलाठी माझा पाय बघायचे आणि लिहून द्यायचे. नव्यानं संगणक बघितला. म्हणाला, मावशी, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, बागायत रान आहे, त्यात ऊस आहे. बागायतदार बाई निराधार कशी? त्याचा प्रश्न बरोबर आहे. मला राग त्याचा नाही.

अण्णा गेले तेव्हा वारसांत माझं नाव लागलं आणि ते तसंच राहून गेलं, हे मला आत्ता कळलं. तुलाही ठाऊक नसावं असं समजते. तू एवढंच कर. तलाठ्यापुढे दोन ओळी लिहून दे की रान मी कसतो, उत्पन्न मी घेतो, बहिणीला त्यातलं काही मिळत नाही. हे खरं आहे आणि खरं लिहायला वकील लागत नाही. ३१ मार्चच्या आत दाखला गेला नाही, तर माझं नाव यादीतून कायमचं निघेल.

आता दातांचं. गल्लीच्या तोंडाला डॉ. प्रसेनजीत म्हणून तरुण डॉक्टर आहेत. दवाखाना तळमजल्यावर आहे, म्हणून मला जाता आलं. त्यांनी जबड्याचा फोटो काढला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. माझ्या तोंडात अकरा दात शिल्लक आहेत. पाच काढावेच लागतील. सहा वाचतील. नस काढून टोपी बसवायची आणि त्या सहांच्या आधारानं बाकीची कवळी. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केलं तर. सगळे मिळून चोवीस हजार, तेही त्यांनी कमी करून सांगितले. म्हणजे सोळा महिन्यांचा पगार. सोळा महिने काहीही न खाता काढले तर दात येतील. मग ते कशासाठी आणले, ते आठवत बसावं लागेल.

सरकारी दवाखान्यातही जाऊन आले. तिथल्या डॉक्टरबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, इथं काढून मिळतील, फुकट. टोपी आणि कवळी नाही. मी विचारलं, का नाही? मला पायाचं कॅलिपर सरकारनं दिलं. शेजारच्या बाईला चष्मा दिला. कानाची यंत्रं वाटतात, त्याची शिबिरं भरतात, पुढारी येऊन फोटो काढतात. दात काय दागिने आहेत? त्या म्हणाल्या, मी फक्त दात काढते हो. त्यांच्यावर चिडून उपयोग नव्हता. तरी चिडले.

पलीकडच्या खोलीत यल्लव्वा राहते, निपाणीकडची. तिलाही हाच पगार आहे. माझी फणफण ऐकून म्हणाली, "टीचर, कशाला तरास करून घेतीस? मला तीन दात हायती. तिन्ही तीन ठिकाणी. एकमेकाला भेटत बी न्हाईत, भांडत बी न्हाईत." आणि भाकरी पाण्यात बुडवून खायला लागली. मला तसं जगायचं नाही. मी साठीची आहे, शंभराची नाही.

दोन ओळींचं काम आहे. या आठवड्यात कर.

आक्का


कोल्हापूर,
२९ जानेवारी २०२४

धैर्यशील,

तू आला नाहीस. बायकोला पाठवलंस.

वर्षाराणी तिळगूळ घेऊन आली. तिळाचे लाडू, घट्ट पाकातले. सुजलेल्या तोंडापुढे डबा उघडून म्हणाली, "घ्या वन्सं, गोड बोला." ती मुद्दाम करते असं मी म्हणत नाही. तिला सुचत नाही, एवढंच. लाडू यल्लव्वानं नेले, खलबत्त्यात कुटले आणि दुधात कालवून खाल्ले. तिची खायची युक्ती संपत नाही.

डब्याखाली पाकीट होतं. मला वाटलं, तुझ्या दोन ओळी. वीस ओळी निघाल्या, टाइप केलेल्या, अकरा चुका. हक्कसोडपत्र. मी, शालन गणपतराव, माझा वडिलार्जित मिळकतीतील हक्क व हिस्सा बंधुप्रेमापोटी, विनामोबदला, राजीखुशीनं सोडून देत आहे.

वर्षाराणी तुझं म्हणणं पाठ करून आली होती. सही केली की सातबाऱ्यावरून नाव जाईल. नाव गेलं की तलाठी दाखला देईल. दाखला मिळाला की पगार सुरू. आणि दातांचं तू बघशील, वारणानगरला तुझा कोण मित्र डॉक्टर आहे. "म्हंजे बघा वन्सं, दात बी हुतील, पगार बी चालू हुईल, आनि आमचं बी मन मोकळं. सही करा की." आणि पुढे हळूच, "साडी बी घेनार हायेत ते, तुमाला आवडंल ती."

साडी.

तुझ्या दुसऱ्या बहिणीची, मालनची सही घेतलीत तेव्हाही साडी दिली होती. तिला कबनूरला दिल्यावर पहिल्याच दिवाळीला पाटावर बसवून, ओवाळून, मोरपंखी काठाची साडी आणि तिच्याखाली कागद. तिनं वाचला नाही. वाचायचा नसतोच. भाऊबीजेला बहीण वाचत बसली तर ती कसली बहीण? सगळ्या गावात असंच चालतं आणि ज्या सही करत नाहीत त्यांना माहेर राहत नाही. मालन साडी नेसून दोन वर्षं मिरवली.

माझी सही का घेतली नाही, सांगू? मालनला नवरा होता. उद्या तो उठून मागेल म्हणून तिची सही घाईनं घेतलीत. माझं लग्न झालं नाही. माझ्या बाजूनं मागायला येणारं कुणी नव्हतं. लंगड्या बहिणीच्या नावाला तुम्ही सातबाऱ्यावर राहू दिलंत, कारण ते तुम्हाला नाव वाटलंच नाही.

क्लास बंद पडला तेव्हा मी कोडोलीला परत येते म्हणाले. तू तेव्हा बंगला बांधत होतास. अकरा पायऱ्या चढून दार. मी विचारलं, एका बाजूला उतार करता येईल का? तू म्हणालास, शोभा जाईल. इथं खोली घेतली, तहसीलात अर्ज केला आणि निराधार झाले. भाऊ, भावजय, चार एकर बागायत असलेली निराधार.

तू दात करून देशील तो उपकार असेल, की किंमत? उपकार असेल तर कागद कशाला? आणि किंमत असेल, तर कागदात "विनामोबदला" लिहिलंस ते खोटं आहे. दोन्हीपैकी एक खोड.

मी सही करत नाही. दोन ओळी मागितल्या होत्या, त्या दे. डॉ. प्रसेनजीतांनी काल पुन्हा बघितलं. म्हणाले, "मॅडम, दात थांबतील, हाड थांबणार नाही. दोन आठवडे आहेत."

चुका लाल शाईनं दाखवून कागद वर्षाराणीबरोबरच परत दिला होता. मिळाला असेल.

आक्का


कोल्हापूर,
१७ फेब्रुवारी २०२४

धैर्यशील,

गुरुवारी कोडोलीला आले होते. तुझ्या घरावरूनच रिक्षा गेली.

तलाठ्यापुढे मी भांडायला बसले. म्हटलं, भाऊ लिहून देत नसेल तर मी लिहून देते. माझं नाव कागदावर आहे, पण त्या रानातला एक पैसा मला मिळत नाही. त्या पोरानं एकदा संगणकाकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून, मागे बसलेल्या लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "मावशी, असं लिहून देऊ नका. अंगाशी येईल. कारखान्याला तुमच्या नावानं ऊस जातोय."

मी म्हटलं, भावाचा जातो.

"भावाचा वेगळा जातोय. तुमचा वेगळा. तुम्ही सभासद आहात की."

तिथून कारखान्याच्या गट ऑफिसात गेले. एका दिवसात तेवढं चालणं मला दहा वर्षांत झालं नव्हतं. क्लार्कनं आधार कार्ड बघितलं आणि न विचारता यादी छापून हातात दिली. ती सोबत नाही, ती माझ्याजवळ राहील. शालन गणपतराव, सभासद. मागच्या हंगामात बावन्न टन. त्याच्या आधी एकोणपन्नास. त्याच्या आधी, त्याच्या आधी, अण्णा गेले तिथपर्यंत. बिलं बँकेच्या कोडोली शाखेत माझ्या खात्यावर. दिवाळीची सभासदाची साखरसुद्धा दरवर्षी "मी" उचलली आहे.

मागच्या एका हंगामाचं बिल दीड लाखाच्या वर आहे. मी इथं गाजरं किसून शिजवून खाते.

एक सरळ सांग. तुझ्या बायकोनं तिळगूळ दिला तेव्हा तिला हे ठाऊक होतं का? मला तुझ्याबद्दल विचारायचं नाही. तुझं मला कळलं.

दोन आठवडे गेल्या रविवारीच संपले.

शालन


कोल्हापूर,
२ मार्च २०२४

धैर्यशील,

तुझा निरोप मिळाला. तू यल्लव्वाच्या फोनवर फोन केलास आणि मला द्यायला सांगितलंस. तुला वाटलं असेल की आक्का बोलणार नाही, ऐकेल. मी ऐकलं. "आक्का, लई तानू नगंस. तू पाच वर्सं निराधारचा पगार खाल्लाईस, नावावर ऊस असताना. म्या एक अर्ज टाकला तर सगळी वसुली लागंल तुज्याव. वरनं केस. गप सही कर." मग म्हणालास, "रान म्या कसलंय. पान्याची पाळी म्या दिलीया. आईचं दोन वर्सं हागनं-मुतनं माज्या बायकूनं काडलंय. तू कुटं हुतीस?"

फोन बंद झाल्यावर यल्लव्वानं तुला कानडीत जे म्हटलं, ते इथं लिहीत नाही. तिला वाटलं, मला कळलं नाही.

तुझ्या धमकीनं मला ताप आला असं समजू नकोस. ताप आधीच होता. सूज गळ्यापर्यंत उतरली, डोळा मिटला. डॉ. प्रसेनजीत स्वतः रिक्षा करून मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. चार दिवस सलाइन. तिथं पाच दात काढले. उरलेले सहा, ते वाचणारे सहा, आता हलतात. तेही सोमवारी, ११ तारखेला काढायचे आहेत. जानेवारीत वाचले असते. ही गोष्ट मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

पण त्या चार दिवसांत खाटेवर पडून मला दुसरंही काही कबूल करावं लागलं. मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं की माझं नाव सातबाऱ्यावर आहे हे आत्ता कळलं. ते खोटं आहे.

मला पहिल्यापासून ठाऊक होतं. अण्णा गेल्यावर वारसनोंदीचा कागद मीच वाचून दाखवला होता, घरात दुसरं सरकारी भाषा कळणारं कोण होतं? कारखान्याचं सभासदत्व माझ्या सहीनं घेतलं. आई दर दिवाळीला बँकेच्या पैसे काढायच्या स्लिपा घेऊन यायची, चकलीच्या डब्याबरोबर. आठ-दहा कोऱ्या स्लिपा. म्हणायची, सही कर गं, धैर्याला दर वेळी तुला शोधत यायला नको. मी सही करत होते. मी! जिनं पोरांना शिकवलं की कोऱ्या कागदावर सही म्हणजे उघड्या दारात झोपणं. आई अंथरुणाला खिळल्यावर वर्षाराणी आणायला लागली, तेव्हाही केली. मागच्या दिवाळीलासुद्धा.

खातं माझं आहे हे स्लिपेवर असतं, आणि सभासदाच्या खात्यात ऊसबिल येतं हे मला ठाऊक होतं. मी वाचलं नाही असं मला म्हणता येणार नाही; कारखान्याच्या यादीचं मागच्या पत्रातलं आश्चर्यही त्यामुळे खोटंच. एक ओळ वाचल्याशिवाय मी दुसरी ओळ टाइप केलेली नाही कधी.

का केली? आईनं एकदा म्हटलं होतं, "बहिनीनं मागितलं की म्हायेर तुटतं, शालन." बस्, एवढंच. मी मागितलं नाही. बी.ए. झालेली, स्वतःचा क्लास चालवणारी बाई, मी माहेर शाबूत राहावं म्हणून वर्षाला दहा सह्या भरत होते. आणि माहेरानं अकरा पायऱ्या बांधल्या.

याहून वाईट सांगते. निराधारच्या अर्जात रकाना होता: "अर्जदाराच्या नावे शेतजमीन आहे काय?" मी माझ्या हातानं लिहिलं, "नाही." लिहिताना मला वाटलं होतं की हे खरंच आहे. जे माझ्या हाताला लागत नाही ते माझं कसं? पण रकान्यात हातात किती येतं हे विचारलेलं नव्हतं. नाव विचारलं होतं. यल्लव्वाकडे खरोखर काही नाही आणि तिचा पगार तीनदा अडला. माझा पाच वर्षं अडला नाही, कारण मला अर्ज नीट लिहिता येतो.

तेव्हा तुझी धमकी पोकळ नाही. माझी चूक आहे आणि ती तुझ्या हातात आहे. पण नीट ऐक. आईचं तुम्ही केलंत. ते मी नाकारत नाही, कधी नाकारणार नाही. वर्षाराणीनं जे केलं ते मला या पायानं जमलं नसतं. त्याचं माप रानात मोजायचं असेल तर मोज, पण माझ्या समोर, उघड. चकलीच्या डब्याखाली नको.

शालन


कोडोली, बँकेत,
१३ मार्च २०२४, दुपारी साडेबारा

धैर्यशील,

सोमवारी तू स्वतः आलास. तीन वर्षांत पहिल्यांदा. वेळ बरोबर साधलीस. मी नुकतीच दवाखान्यातून आले होते, सहा दात काढून. तोंडात कापसाचे बोळे आणि तासभर तोंड उघडायचं नाही अशी ताकीद. तू खाटेच्या कडेला बसलास, खोली बघितलीस, छताकडे बघितलंस. माझ्या गालाकडे बघितलं नाहीस. मग म्हणालास, "सरळ इचारतो, आक्का. तुला दात पायजेत का रान?"

मी तुझ्याकडे बघत राहिले. थुंकता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं.

"गप हाईस म्हंजे पटलंय," म्हणालास. हक्कसोडपत्र ठेवलंस, या वेळी चुका सुधारलेलं. माझ्या सहीच्या जागी पेन्सिलनं फुल्या केल्यास, चार ठिकाणी, मला जागा सापडणार नाही अशा बेतानं. गुरुवारी साडेअकराला गाडी पाठवतो, साक्षीदारांचं मी बघतो, म्हणालास. जाताना टेबलावर पाचशेची नोट ठेवलीस, नारळपाणी घे म्हणून. ती सोबत आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज देते. उद्या गाडी पाठवू नकोस.

सकाळी आठला निघाले. यल्लव्वा बरोबर आली आहे, तिला मी खुणेनं नको म्हटलं तरी आली. बाकावर बसून शिपायाशी निपाणीच्या बाजाराबद्दल बोलते आहे. आधी तहसीलात गेलो. मी टाइप केलेला अर्ज दिला: अर्जदाराच्या नावे बागायत शेतजमीन असून ऊसबिलाचं उत्पन्न मर्यादेहून अधिक आहे. २०१९ च्या अर्जात अर्जदारानं ही माहिती दडवली. अनुदान बंद करावं. आजवर घेतलेली रक्कम अर्जदार हप्त्यांनी परत करण्यास तयार आहे. पोच घेतली, शिक्का घेतला. बाबू दोनदा म्हणाले, बाई, परत विचार करा. यल्लव्वा बाहेर येऊन म्हणाली, "सरकारला पैशे परत देनारी तू पयलीच. तुझं नाव फळ्यावर लिवतील." मग बराच वेळ काही बोलली नाही. तिला तोच पगार आहे, आणि तिचा खराच हक्काचा आहे. तिच्या गप्प बसण्याचं मला तुझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तेव्हा तुझ्या हातात आता अर्ज टाकण्याची धमकी राहिली नाही. तो अर्ज मीच टाकला आहे.

नंतर इथं आले. मॅनेजर नवीन आहेत, त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. माझ्या खात्यावर वीस-बावीस वर्षं व्यवहार आहे आणि खातेदार आज पहिल्यांदा काउंटरवर उभी राहिली. तोंडानं बोलता येत नव्हतं, तेव्हा सगळं लिहून दाखवलं. त्यांनी आधार बघितलं, सही जुळवली. या हंगामाच्या ऊसबिलाची पहिली उचल सात तारखेला जमा झाली आहे. तू अजून काढली नव्हतीस. गुरुवारच्या सहीपर्यंत थांबला असशील.

मी लेखी दिलं की माझ्या सहीच्या ज्या स्लिपा बाहेर कुणाकडे असतील, त्या आजपासून रद्द समजाव्यात. मोबाइल नंबर माझा घातला. मग माझ्या खात्यातून, माझ्या समोर भरलेल्या स्लिपेवर, अठरा हजार काढले. आता वाचवायला दात उरले नाहीत, म्हणून खर्च कमी झाला, नुसती कवळी. हिरड्या भरायला महिना-सव्वा महिना लागेल, मग डॉ. प्रसेनजीत माप घेतील. बाकीच्या पैशाला मी हात लावलेला नाही.

म्हणजे दात मी रानातूनच करते आहे. तू दोन पर्याय दिलेस, ते एकच होते.

रान तू कसतोस, ते खरं आहे. तेव्हा माझ्या हिश्श्याचा ऊस तूच करायचा. बी, खत, पाणी, मजुरी वजा जाता जे उरेल ते निम्मं तुझं, निम्मं माझं. आईच्या आजारपणाबद्दल पहिल्या दोन हंगामांचं माझं निम्मं वर्षाराणीच्या नावावर जाईल. तुझ्या नाही, तिच्या. तिच्या हातात. मागच्या बिलांचं मी विचारणार नाही. त्या सह्या माझ्या होत्या. हे सगळं स्टॅम्पपेपरवर लिहून आणलं आहे. पेन्सिलची फुली कुठं केलेली नाही. जागा तुला सापडेल.

हक्कसोडपत्र परत देत आहे. मान्य नसेल तर तू कोर्टात जा, मीही येईन. मला यायला वेळ लागतो, पण मी येते.

एवढं लिहून शिपायाला तुझ्याकडे पाठवणार होते. गरज पडली नाही. कुणीतरी तुला फोन केलेला दिसतो. तू आत्ता काचेच्या दारातून आत आलास आणि सरळ मॅनेजरच्या टेबलाकडे गेलास. मी खांबाच्या मागच्या बाकावर आहे, तुला दिसले नाही. तुझा आवाज सगळ्या बँकेत ऐकू येतो आहे. "आमच्या घरातली मानसं हायेत, सायेब. ती आजारी हाय. तिला काय कळतंय त्यातलं?" यल्लव्वा उठायला लागली होती, मी पदर धरून तिला बसवलं.

मॅनेजरनं माझ्याकडे हात केला. आता वळलास.

ये. बाकावर जागा आहे. माझ्या तोंडाकडे बघ आधी, नीट, मग हे घे आणि सगळं वाच. मी अजून चार दिवस बोलणार नाही, डॉक्टरांनी सांगितलं आहे. उत्तर तू तोंडी दे, इथंच, सगळ्यांसमोर. ऐकायला मला दात लागत नाहीत.

शालन